हमदुले यांचा अभिप्राय

सुलाबाई चोगले यांनी बर्फाची अर्धी लादी दोन खलाशांकडून उचलून आणवली, माझ्या टेबलावर आडवी ठेवायला लावली आणि पलीकडे वाकून तिच्या पोकळीतून माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचा एक डोळा दिसला आणि नाकातली मोरणी दिसली. निळसर बोगद्याच्या टोकाशी तो डोळा असा काही स्थिर होता, की कुठल्या तरी फार दूरच्या ग्रहावरून आपल्याला न्याहाळलं जात आहे असं मला क्षणभर वाटलं.

"बाला," त्या म्हणाल्या, "ही लादी हाय का नळी?"

लादीच आहे, थोडी पोकळ आहे, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी टोपलीतून एक बांगडा काढला, आपल्या बाजूनं आत सारला आणि लादी किंचित कलती केली. बांगडा घसरत घसरत माझ्या बाजूनं बाहेर आला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला लिहिलेल्या पत्रावर, 'आपला विश्वासू' या शब्दांपाशी थांबला.

"ह्या अंगानं शिरला नि त्या अंगानं भायेर आला. बर्फ त्याला लागला कुठं? अठ्ठावीसला सभा हाय ना? मी बी संचालक हाय. तवा बघू तुझं."

बांगडा त्यांनी परत नेला. लादी मात्र तिथंच राहिली, आणि तासाभरात माझी आवक-जावक नोंदवही अरबी समुद्राच्या बाजूला वाहून निघाली.

त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांचा होतो. आधुनिक कवितेवरचा प्रबंध लिहून झाला होता, नऊ महाविद्यालयांत मुलाखती देऊन झाल्या होत्या, आणि करंजवेळ बंदरावरच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या बर्फ कारखान्यात सहायक व्यवस्थापक म्हणून मी जूनपासून सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होतो. चेअरमन हरेश्वर पावसे यांनी मला घेतलं ते माझ्या अर्जाची भाषा वाचून. अशा भाषेत संस्थेचे अर्ज सरकारकडे गेले तर दोन वर्षांत जेट्टी होईल, असं त्यांचं मत पडलं होतं. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला संचालक मंडळ ठरवणार होतं. घर चिपळूणला. तिथं वडिलांनी मी कायमच झालो आहे असं आळीभर सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कायम न होता परतणं मला शक्य नव्हतं आणि त्यांना तर मुळीच नव्हतं.

उमेदवारीत माझ्या हातून दाखवण्याजोगं एकच काम झालं होतं. ते यंत्रघरात, टाकीशेजारी, चकचकीत पत्र्यात उभं होतं.

बर्फाचा कारखाना बाहेरून वाटतो तितका गूढ नसतो. खाऱ्या पाण्याची एक मोठी टाकी, तिच्यात गोड्या पाण्यानं भरलेले उभे डबे, आणि टाकीत बुडालेल्या नळ्यांमधून उकळत जाणारा अमोनिया. उकळायला लागणारी उष्णता तो टाकीतून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याची वाफ खेचतो, दाबतो, तिचा पुन्हा द्रव होतो आणि फेरा सुरू राहतो. या फेऱ्यात कॉम्प्रेसरचं वंगणाचं तेल थोडं थोडं वाफेबरोबर निसटतं. त्याला अडवायला पुढेच एक भांडं बसवलेलं असतं. पण दाराला कडी घातली म्हणून धुकं थांबत नाही, तसं ते तेलही सगळं थांबत नाही. निसटलेलं तेल अमोनियात विरघळत नाही. ते त्याच्याहून जड असतं, म्हणून सगळ्यात खालच्या जागी जाऊन बसतं. त्या खालच्या जागी आमच्याकडे कमरेएवढं एक लोखंडी भांडं होतं आणि त्याच्या तळाशी तेल काढायची तोटी होती. एवढं मला तेव्हा माहीत होतं. आपल्याला एवढंच माहीत आहे, हे मात्र माहीत नव्हतं.

त्या भांड्यासमोर रोज सकाळी अब्बास हमदुले बसलेले असत. हमदुले एकोणीस वर्षं तिथले ऑपरेटर. उंच, हाडकुळे, चष्म्याला दोरी, बोलणं तोलूनमापून. भांड्यावर पांढरंशुभ्र हिम साचलेलं असे. हमदुले एका उपड्या डब्यावर बसून त्याच्याकडे पाच पाच मिनिटं टक लावून पाहत, मध्येच त्यावरून एक बोट फिरवत आणि उठून जात. यंत्रघराच्या दारात उभं राहून हे दृश्य पाहणं हा माझा रोजचा परिपाठ झाला. ज्या बंदरावर माशाखेरीज कुणी कशाकडे पाहत नाही, तिथं एक माणूस रोज सकाळी नुसत्या शुभ्रतेकडे पाहतो, याचं मला फार अप्रूप वाटे. त्यांच्यावर मी काही ओळीही लिहिल्या. त्या ओळींत 'एकाकी' हा शब्द दोनदा आला होता.

ऑक्टोबरात हमदुले मुलीच्या लग्नासाठी दहा दिवस श्रीवर्धनला गेले. बदलीवर आलेला ऑपरेटर कॉम्प्रेसर चालू-बंद करण्यापलीकडे कशाला हात लावत नसे. नेमकी त्याच आठवड्यात चेअरमननी कारखान्यात फेरी मारली आणि विजेची बचत करा असं सगळ्यांना बजावलं. माझी नजर त्या भांड्यावर गेली. बाकी साऱ्या थंड नळ्या जाड आवरणात होत्या, हे एकटंच उघडं होतं. मी विचार केला, हे हिम म्हणजे बाहेर सांडलेली थंडी. कंत्राटदार आवरण घालायला विसरला आणि एकोणीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. सत्य उघड्यावर असतं आणि कुणाला दिसत नाही, या अर्थाचं पुष्कळ काही मी वाचलेलं होतं.

ठरावाचा मसुदा मी केला. 'यंत्रघरातील अनावृत भांड्यास थंडीचा अपव्यय रोखणारे आवरण घालण्यात यावे.' ठराव अकरा, एकमतानं मंजूर. अनावृत हा शब्द चेअरमनना इतका आवडला की तो त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचला. कोठारात थर्माकोल पडलेलंच होतं. लोखंडी पेट्या करणाऱ्या माणसाकडून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून घेतला, पत्र्यावर 'शुभहस्ते श्री. हरेश्वर पावसे' असं रंगवून घेतलं, नारळ फुटला, सगळ्यांना पेढे मिळाले. मी कायम होणार, असं त्या दिवशी तीन संचालक आपण होऊन म्हणाले.

हमदुले परतले त्या सकाळी नेहमीसारखे डब्यावर बसले आणि पत्र्यावरची अक्षरं बराच वेळ वाचत राहिले. मी दारातून आत गेलो.

"हे कुणी केलं, सायेब?"

"संचालक मंडळानं. ठराव आहे."

"बरं." मग जरा वेळानं ते म्हणाले, "मी त्याचं अंग बघून तेल काढतो."

प्रत्येक कसबी माणसाची काही श्रद्धा असते, ती दुखवू नये, असं माझं धोरण होतं. मी म्हणालो, यापुढे अधिक लक्षपूर्वक बघत चला. हमदुलेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि इतका वेळ पत्र्याकडे पाहिलं होतं तितकाच वेळ माझ्याकडे पाहिलं. हे काढता येईल का, असं त्यांनी विचारलं. ठरावानं जे गुंडाळलं गेलं ते ठरावानंच उघडेल आणि पुढची सभा थेट नोव्हेंबरअखेर, असं मी त्यांना समजावून सांगितलं. मनातून मला वाईट वाटत होतं. माणसाची गारव्याला बसायची जागा आपण हिरावून घेतली, असं सारखं वाटत राहिलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या कोठारातून एक टेबलफॅन काढला आणि त्यांच्या डब्याकडे तोंड करून लावून दिला.

हमदुलेंनी पंख्याकडे पाहिलं. "मेहेरबानी," ते म्हणाले. मी ती कृतज्ञता समजलो.

त्यानंतरच्या आठवड्यात दोनदा अमोनियाचा वास सुटला. दोन्ही वेळा हमदुले तेल काढत होते. पहिल्यांदा फक्त कारखाना रिकामा झाला. दुसऱ्यांदा वारा बंदराकडे होता आणि लिलाव ऐन रंगात आला होता. डोळे चोळत, पदर नाकाला लावत सगळा बाजार टेकडीवर चढला, आणि सुरमईच्या एका ढिगावर शेवटची बोली कुणाची होती यावरून खाली उतरल्यावर दोन व्यापाऱ्यांत जी जुंपली ती पुढच्या शिमग्यापर्यंत पुरली. चेअरमननी तिथल्या तिथं हुकूम सोडला, की पुढील आदेशापर्यंत तेल काढायचं नाही. तो हुकूमही मी लिहून काढला. त्याची भाषा निर्दोष होती. हमदुलेंनी सही केली, तोटी घट्ट बंद केली आणि चावी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

मग लाद्या पोकळ येऊ लागल्या. डब्यातलं पाणी कडेनं गोठत आत येतं आणि शेवटी मध्ये मिळतं. ते मध्ये मिळेनासं झालं. सुरुवातीला सुई जाईल एवढं भोक राहत होतं, मग अंगठा जाईल एवढं, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर बांगडा गेला तो मी सांगितलाच. मी पाच कारणांचा चार पानी अहवाल लिहिला. मिठाचं प्रमाण, विहिरीचं पाणी, विजेचा दाब, डब्यांचं वय आणि हवेतला विषाद. पाचवं कारण चेअरमननी खोडलं. माझ्या आवरणाचा उल्लेख अहवालात 'केलेल्या सुधारणा' या मथळ्याखाली होता.

खरा घाव घातला तो संचालक मधुकर भोपी यांनी. भोपींच्या दोन होड्या होत्या आणि जगातली प्रत्येक वस्तू कुणी तरी चोरतंय असा त्यांचा विश्वास होता. कॉम्प्रेसरमध्ये रोज तेल ओतावं लागतं, महिनाभर खालून एक थेंब काढलेला नाही, मग ते जातं कुठं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर त्यांनी स्वतःच दिलं: हमदुले ते होडीवाल्यांना विकतो. बेरीज करायचं काम माझ्याकडे आलं. आवरण घातल्यापासून एक्केचाळीस लिटर तेल ओतलं गेलं होतं. अठ्ठावीस तारखेच्या सभेची विषयपत्रिका मीच तयार केली. विषय एक, तेलाच्या अपहाराबद्दल श्री. हमदुले यांना कामावरून कमी करणे. विषय दोन, श्री. लघाटे यांना, म्हणजे मला, कायम करणे. पहिला विषय मार्गी लागला, की पोकळ लाद्यांचं खापर आपोआप फुटेल आणि दुसरा सुरळीत होईल, हे माझ्या ध्यानात आलं होतं. ते वाक्य मनातल्या मनातसुद्धा मी पूर्ण होऊ दिलं नाही, एवढंच.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी हमदुलेंना नोटीस द्यायला मी यंत्रघरात गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली, पोच म्हणून सही केली आणि मला बसा म्हणाले. बसायला तो उपडा डबाच होता. मी पहिल्यांदाच त्यावर बसलो. समोर चेअरमनचं नाव होतं.

हमदुलेंनी एका स्टीलच्या पेल्यात बर्फाचे तुकडे आणि थोडं पाणी घातलं आणि तो माझ्यापुढे धरला. मला वाटलं, प्यायला देत आहेत. त्यांनी हात मागे घेतला.

"पाणी कुठवर हाय, सांगा."

"अर्ध्यापर्यंत."

"आत बघितलंत?"

"नाही. बाहेर दव धरलंय ना तिथवर."

हमदुलेंनी नोटिशीची घडी घातली, ती पेल्याभोवती गुंडाळली आणि पेला पुन्हा पुढे केला.

"आता सांगा."

कॉम्प्रेसर चालूच होता. त्याचा पट्टा चट् चट् वाजत होता. मी पेल्याकडे पाहिलं, मग पत्र्याकडे पाहिलं.

त्यापुढे हमदुले जे बोलले ते मी त्यांच्याकडून ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण. "पांढरं जिथवर, तिथवर अमोनिया. तेल उकळत नाय, म्हणून त्याच्यावर पांढरं धरत नाय. खाली काळी पट्टी राहते. रोज सकाळी बघायचो, पट्टी किती चढली. चार बोटं झाली की वरचा वाल बंद करायचा नि थांबायचं. उघड्या लोखंडाला हवेची ऊब लागते, आत राहिलेला अमोनिया उडून कॉम्प्रेसरकडे जातो, पांढरं वितळतं. मग खालून नुसतं तेल येतं. वास नाय, काय नाय. तुमी त्याला गोधडी घातलीत, सायेब. आता ना दिसतं, ना उडतं."

"आणि ते एक्केचाळीस लिटर?"

"भांडं भरलं, वर चढलं, नळ्यांत गेलं. नळ्यांना आतून तेलाचा लेप बसला की थंडी भायेर येते कुठनं? म्हणून लादी पोकळ."

मी विचारलं, की हे सगळं तुम्ही मला तेव्हाच का सांगितलं नाहीत.

"सांगितलं की. अंग बघून काढतो, म्हटलं. तुमी पंखा दिलात."

"आणखी एकदा सांगायचं होतंत."

हमदुलेंनी पेल्याभोवतीची नोटीस सोडली, झटकली आणि घडी करून खिशात ठेवली. "एकोणीस वर्षांत मला कुणी विचारलं नाय, हमदुले तू बघतोस काय. तुमी रोज दारात येऊन उभे राहायचात. मला वाटलं, आज विचारतील, उद्या विचारतील."

हमदुलेंवर लिहिलेल्या त्या ओळी मी खोलीवर जाऊन फाडून टाकल्या. मग सभेसाठी दोन भाषणं तयार केली. पहिल्यात दोष इतका सर्वत्र विखुरला होता, की शेवटी तो मानवी परिस्थितीवरच येऊन बसत होता. ते भाषण फार चांगलं झालं होतं. दुसरं तीन वाक्यांचं होतं.

सभा सकाळी दहाला, लिलावाच्या शेडमागच्या खोलीत भरली. सात संचालक, चहा, आणि दाराशी उभे हमदुले. चेअरमन विषय एक वाचू लागले तेव्हा मी उभा राहिलो. "चोरी झालेली नाही. तेल नळ्यांत आहे. ते माझ्यामुळे तिथं आहे." एवढं बोललो आणि चेअरमनसमोरचा थंड पाण्याचा पेला उचलून, त्याला विषयपत्रिका गुंडाळून, सगळं दाखवलं. कायम होण्याचा विषय माझ्या डोळ्यांदेखत त्या कागदावर ओला होत होता.

मग चेअरमननी घसा साफ केला. माझी अपेक्षा होती की ते मला हाकलतील. पण त्यांना वेगळंच काही टोचत होतं.

"तुमच्यामुळे कसं, लघाटे? ठराव मंडळाचा आहे."

"मसुदा माझा होता."

"मसुदा कुणाचाही असो. पत्र्यावर नाव कुणाचं आहे?"

मी म्हणालो, आपलं. आणि तेव्हा त्यांना कळलं की आपण कुठं येऊन उभे राहिलो आहोत. दोष माझा मानला, तर एका उमेदवाराच्या चुकीवर त्यांनी नारळ फोडला होता. मंडळाचा मानला, तर तो शुभहस्ते झाला होता. पुढचा अर्धा तास त्या खोलीत जे चाललं ते मी नंतर कुठल्याच सभेत पाहिलं नाही. भोपी म्हणाले, ठरावाच्या वेळी आपण लघवीला गेलो होतो. एकजण म्हणाला, आपण सही केली ती चहाच्या खर्चाची समजून. आणखी एकानं अनावृत या शब्दाचा अर्थ आपल्याला आजही माहीत नसल्याचं इतिवृत्तात नोंदवायला सांगितलं.

सुलाबाईंनी पानाची पिंक खिडकीबाहेर टाकली.

"चूक कुणाची ती मागाहून वाटून घ्या. आधी त्या भांड्याचं लुगडं सोडा."

तरी ठराव लागलाच. आवरण 'काढण्यात यावे' म्हणायला चेअरमन तयार होईनात. शेवटी 'सदर आवरण अधिक उपयुक्त ठिकाणी हलवण्यात यावे' असं ठरलं, आणि ते कार्यालयातल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला लावलं गेलं. शुभहस्ते पाणी पुढे कित्येक वर्षं छान गार राहिलं.

सगळी सभा उठून यंत्रघरात आली. पेट्यांवाल्यानं पत्रा कापला, थर्माकोल निघालं, आणि खालून काळंकुळकुळीत लोखंड बाहेर आलं. सगळे वाट पाहत उभे राहिले. हळूहळू भांड्याच्या अगदी गळ्याशी, बोटभर रुंदीचं, पांढरं वळं उमटलं. त्याखाली काहीच नाही. तळापर्यंत काळं.

हमदुलेंनी बोटानं ते दाखवलं. वरचा वाल बंद केला. ते पांढरं वळं वितळून ओघळेपर्यंत तासभर गेला. संचालक नाकाला रुमाल लावून दाराजवळ दाटीवाटीनं उभे, भोपी तर दाराबाहेरच. मग हमदुलेंनी माझ्याकडून चावी घेतली आणि तोटी उघडली. तेल आलं. जाड, काळपट, संथ. आवाज न करता बादलीत उतरत राहिलं. वास आला नाही. एक एक रुमाल खाली आला. बादली भरली, दुसरी लावावी लागली. भोपी आत येऊन बादलीत वाकून पाहू लागले, जणू चोर तिथं लपला असावा.

पुढच्या दहा दिवसांत, रोज थोडं थोडं, अडतीस लिटर निघालं. लाद्या पुन्हा भरीव झाल्या. उरलेल्या तीन लिटरांबद्दल भोपींनी पुढे वर्षभर विचारणा केली. ते नळ्यांना चिकटलंय, येईल सावकाश, असं हमदुले दर वेळी सांगत.

पण त्या दिवशी, त्या दोन बादल्यांसमोरच, चेअरमन म्हणाले, की विषय एक निकालात निघाला, आता विषय दोन. भोपी म्हणाले, घरी पाठवा. एकजण म्हणाला, खरं बोलला हे त्याच्या बाजूचं आहे. त्यावर दुसरा म्हणाला, खरं बोलल्याबद्दल कायम करायचं ठरवलं तर ही प्रथा कुठवर जाईल सांगता येत नाही. मी वडिलांना काय लिहायचं याचा विचार करत होतो. पत्राचा मायना तयार झाला होता.

"आळ कुणावर घेतला होता?" सुलाबाई म्हणाल्या. "त्यालाच विचारा."

हमदुले सुताच्या बोळ्यानं हात पुसत होते. चेअरमननी त्यांना विचारलं, लघाटेंना कायम करावं की नाही. हमदुलेंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला ओळख होती. आजवर ती मी भांड्यावर लागलेली, बाजूनं पाहिली होती.

"आत्ताच कसं सांगू?" ते म्हणाले. "माझ्या हाताखाली द्या. बघून सांगतो."

ठराव चौदाचा मसुदा मी तिथंच, बादलीशेजारी उभा राहून केला. 'श्री. लघाटे यांना यंत्रघरात श्री. हमदुले यांच्या हाताखाली ठेवावे, व हमदुले यांचा अभिप्राय आल्यावर कायम करण्याचा विचार व्हावा.' ठराव एकमतानं मंजूर झाला. मुदत घालायची राहून गेली, हे माझ्याही लक्षात आलं नाही.

सहा महिन्यांनी चेअरमननी विचारलं. हमदुले म्हणाले, "बघतोय." वर्षानं विचारलं, तेव्हाही तेच. तोवर मी पट्ट्याच्या आवाजावरून कॉम्प्रेसरचा मूड ओळखू लागलो होतो आणि काळी पट्टी चार बोटं झाली की नाही हे न मोजता सांगू लागलो होतो. हमदुलेंना काही विचारलं की ते सांगत; न विचारलं तर सांगत नसत, म्हणून मी दिवसभर विचारत राहायचो. पुढे हमदुले निवृत्त झाले आणि यंत्रघर माझ्याकडे आलं. चेअरमन पावसे वारले, भोपी वारले, नवी मंडळं आली. दर वर्षी हिशेबतपासनीस एक शेरा मारून जाई: लघाटे, उमेदवारीवर, अभिप्राय प्रलंबित. नवे संचालक जुना ठराव काढून बघत आणि हमदुलेंचा अभिप्राय नसल्यामुळे काही करता येत नाही म्हणत. दर ईदला मी हमदुलेंच्या घरी शिरखुर्मा प्यायला जात असे. ते यंत्राची चौकशी करत. मी बाकी सगळं विचारलं, तेवढं एक कधी विचारलं नाही. वडील मात्र अखेरपर्यंत मी कायम आहे असंच सांगत राहिले आणि तसेच गेले.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी शेडमध्ये छोटासा समारंभ होता. सुलाबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या आणि संस्थेच्या चेअरमन होत्या. शाल आणि नारळ देऊन झाल्यावर हमदुलेंची मुलगी पुढे आली. अब्बांना आता चालवत नाही, त्यांनी हे सभेला द्यायला सांगितलंय, म्हणाली. चौघडी कागद होता. सुलाबाईंनी डोळ्यांपाशी धरून तो वाचला, मग मोठ्यानं वाचला.

"लघाटे यांचं काम बघितलं. कायम करण्यास हरकत नाही. अ. हमदुले."

कुणीतरी हसलं. सुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सचिवाला ठरावाचं पुस्तक आणायला पाठवलं, हजर संचालक मोजले, ते पुरेसे निघाले, आणि विषय मांडला. हात वर झाले. सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी, एकतीस वर्षांच्या उमेदवारीनंतर, मी करंजवेळ मच्छीमार सहकारी संस्थेचा कायम नोकर झालो. निवृत्ती त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता होती.

"आता कायम झालास, बाला," सुलाबाई म्हणाल्या. "आजच्या दिवस हक्काची रजा घे नि घरी जा."

मी म्हणालो, नको, पाच वाजेपर्यंत थांबतो.